साडभाऊंची वॉरंटी

माणसाशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, आणि माणसावर ठेवायचाच तर तो आपला कोण लागतो ते आधी शोधून काढायचं, या एका नियमावर आख्खा जन्म काढलेला माणूस मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात एकच असेल आणि तो नेमका माझा साडू निघाला. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. समोरच्याचं गाव, मग आईचं माहेर, मग आजीचं माहेर, असं ते विहिरीतला गाळ काढावा तसं उपसत जातात आणि कुठे ना कुठे झरा लागतोच. ऑपरेशनच्या टेबलावर आडवं झाल्यावरही भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं होतं, "साहब, आप मूल कहाँ के?" डॉक्टर परसवाड्याचे निघाले. तिथे साडभाऊंची आतेबहीण दिलेली, तेव्हा कुठे त्यांनी सुईसाठी हात पुढे केला.

छापील गॅरंटीचा मात्र त्यांना मनस्वी तिटकारा. पंखा घेतला तेव्हा गॅरंटी कार्ड त्यांनी दुकानातच परत केलं आणि त्याऐवजी दुकानदाराच्या मामाचा पत्ता घेतला. पुढच्याच उन्हाळ्यात पंखा बसला. साडभाऊ दुकानात न जाता थेट रामपायलीला मामांकडे गेले. मामांना पंख्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांनी फोनवरून भाच्याची अशी खरडपट्टी काढली की संध्याकाळी नवा पंखा घरी आला. "पाह्यलं? कागदाले मामा रायते का?" साडभाऊ मला म्हणाले.

अशा माणसावर जुनी गाडी घ्यायची वेळ आली. ताईंना उपचारासाठी दर महिन्याला नागपूरला न्यावं लागत होतं आणि बसचे धक्के त्यांना सोसेनात. डॉक्टरांनी साडभाऊंना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की औषध लागू पडतंय, पण फार पुढचे बेत आखू नका. ताईंना आम्ही यातलं काही कळू दिलं नव्हतं. निदान आमची तशी समजूत होती.

गाडी पाहायला साडभाऊ, ताई आणि मी असे तिघं गेलो. साडभाऊंनी ती बाजारातल्या बैलासारखी पारखली. पोटाखाली वाकून पाहिलं, पाठीवर थाप मारली, चार पावलं चालवून दाखवायला लावली. सेल्समन म्हणाला, कंपनीची वॉरंटी संपलीय, पण जादा पैसे भरले तर एक किंवा तीन वर्षांची वाढवून मिळेल.

"रस्त्यात बंद पडली त येईन कोन?" साडभाऊंनी विचारलं.

"एक नंबर है काका, उस पर फोन करना है."

साडभाऊंनी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून हिंदीसाठी एक दाबायची सूचना आली. "हे बाई कोन्या गावची हाय, ते बी सांगत नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग व्हायचं तेच झालं. त्यांनी सेल्समनचं गाव विचारलं. तिरोडी. आईचं माहेर विचारलं, आणि चहा यायच्या आत तो त्यांच्या इवायाचा, म्हणजे मुलीच्या सासऱ्यांचा, सख्खा भाचा निघाला. मी कपाळावर हात मारून घेतला. लेकीच्या सासरच्या माणसाशी आमच्याकडे घासाघीस करत नाहीत, त्याचा मान ठेवतात. किंमत पाडायची कितीतरी दिवस तयारी केलेला हा गृहस्थ उठला, सेल्समनला स्वतःची खुर्ची दिली आणि त्याने सांगितलेल्या किमतीला मान डोलावून मोकळा झाला.

सेल्समनलाच बिचाऱ्याला ओशाळल्यासारखं झालं. "काका, अब तो आप घर के हो. वॉरंटी मत लो तो भी चलेगा. लेना ही है तो एक साल की लो, बहुत है."

सल्ला चोख होता. साडभाऊ तीही घेणार नाहीत, अशी माझी खात्री होती. ताई मागच्या बाकावर बसून सगळं ऐकत होत्या.

"तो एक साल?" सेल्समनने पुन्हा विचारलं.

साडभाऊंनी मागे वळून पाहिलं नाही. "तीन," ते म्हणाले.

मी त्यांना बाहेर गाडीपाशी गाठलं. "काहून जी भाऊ? तुमचा त कागदावर भरोसा नाही."

"नाहीच." ते रुमालाने काच पुसत राहिले. "पर तिच्यासमोर एक कसा म्हनू?"

तेवढ्यात ताई आल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. एरवी कोथिंबिरीच्या जुडीवरूनही नवऱ्याला बोल लावणाऱ्या ताई वॉरंटीबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी सीटच्या फाटक्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तीन वर्सं बसाचं हाय त हे कव्हर बदलवा जी. मजबूत पाहून घ्या."

"हौ," एवढंच साडभाऊ म्हणाले. मी मागे जाऊन बसलो. घर येईपर्यंत ती दोघं कव्हरच्या रंगावरून भांडत होती.