एकही तक्रार नाही

प्रिंटरवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने ते लोढणं गळ्यात बांधून घेतलं. दिवसभर कचेऱ्या पालथ्या घालून प्रिंटर दुरुस्त करायचे आणि उरल्या वेळात एका फुकट मिळणाऱ्या लेखनाच्या सॉफ्टवेअरमधली एक सोय सांभाळायची. लिहिलेला मजकूर ब्रेलच्या ठिपक्यांत छापायची सोय. जिने तो कोड लिहिला, ती बाई केव्हाच हात झटकून मोकळी झाली होती. याची ताई स्वतः अंध, अंधशाळेत शिकवते, तिचे धडे यावरच छापले जात. मग हा नाही अडकणार तर कोण?

आता ते सॉफ्टवेअर आतून नव्याने लिहिलं गेलं आणि ही सोय त्यात बसेना. ठिगळं लावण्यापुरतं प्रिंटरवाल्याला येत होतं, हे त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. नियमही असा, की ज्या सोयीपुढे सांभाळणाऱ्याचं नाव नाही, ती पुढच्या आवृत्तीतून काढून टाकायची. मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपत होती.

त्याने काय कमी नाक घासलं? ही सोय कुणीतरी सांभाळा म्हणून जगभरच्या स्वयंसेवकांना चौदा पत्रं लिहिली. बहुतेकांनी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं, आणि आपल्या भाषेत अंगठा दाखवला की जे होतं तेच झालं. एका विद्यार्थिनीने होकार दिला, दोन दिवस याचं डोकं खाल्लं आणि परीक्षा आली म्हणून गडप झाली.

शुक्रवारी दुपारी, कुठल्याशा बँकेच्या जिन्यात बसून, काळ्या पडलेल्या हातांनी त्याने नव्या आवृत्तीचं काम पाहणाऱ्या बाईंना फोन लावला. रडकुंडीलाच आला होता बिचारा.

"तुमच्या सोयीबद्दल तीन वर्षांत एकही तक्रार नोंदलेली नाही," बाई म्हणाल्या. "कुणी वापरतच नाही, असं धरलं आम्ही."

नोंदणार कशी? ताई फोन करायची आणि हा परस्पर दुरुस्त करून पाठवायचा. तक्रारींची यादी कोरी राहिली याचाच याला अभिमान! बायकोला बोलावून दाखवायचा शहाणा. बाई वाईट नव्हत्या. संध्याकाळच्या आत एक तरी खरी तक्रार आली, तर आणखी एका आवृत्तीपुरती सोय ठेवू म्हणाल्या.

त्याने लगेच ताईला गाठलं. छापताना काहीही अडत असेल तर सांग, अगदी बारीकसारीक सांग, म्हणून गयावया केली.

"अरे, वर्ष झालं ते बंद पडून," ती म्हणाली. "तू आधीच दमलेला असतोस. किती वेळा फोन करायचा तुला?"

वर्षभर त्याबद्दल ताईचा फोन नाही म्हणजे सगळं सुरळीत, असं धरून बसला होता तो. बाईंवर चिडायला आता तोंडच उरलं नाही. मग मुलांचे धडे कसे निघतात, म्हणून त्याने विचारलं.

"ब्रेलच्या पाटीवर कागद लावते आणि एकेक ठिपका हाताने टोचते. होतं रे. बोट तेवढं बधिर झालंय."

"कोणतं?"

"वाचायचं."

तो तिथेच पायरीवर बसून रडला. मग हात पुसले आणि ताईच्याच शब्दांत तक्रार नोंदवली. सांभाळणाऱ्याच्या नावाचा रकाना अजून रिकामाच होता.