खाजणराणीचे तीन श्वास

मी ग्लेनला चीटर म्हणालो होतो. शब्द मागे घ्यायच्या आत तो गेला.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं. मी फार लिहीत नाही, माहीत आहे तुम्हाला. पण आज दुपारी जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. चुका असतील तर सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. दर रविवारी दुपारी मरोळला ग्लेनच्या घरी आम्ही चौघं फॅन्टसी गेम खेळायचो. स्क्रीनवर नाही, जेवणाच्या टेबलावर. कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा.
मी, नाहूरचा योगेश आणि ग्लेनची बहीण शेरन, आमचं प्रत्येकी एक पात्र.
ग्लेन मास्टर. गोष्ट त्याची, राक्षस त्याचे, कोणात किती रक्त तो आकडाही त्याचा. आकडा शून्यावर आला की राक्षस मेला.

राक्षस बनवावेत तर ग्लेनने.

"नुसतं रक्त वाढवलं म्हणून शत्रू कठीण होत नाही रे," म्हणायचा. "फक्त लांबतो. बोअर होतो."
आणि, "तुम्ही हरलात तर चालेल. पण का हरलात ते तुम्हाला कळलं पाहिजे. नाही कळलं तर चूक माझी."

त्याचा एकच नियम होता. मोठा वार करण्याआधी शत्रूने इशारा द्यायचा. आणि तो इशारा मास्टरने सांगायचा नाही, करून दाखवायचा.
एक लांडगा होता, तो झडप घालण्याआधी मान वाकडी करायचा. ग्लेन बोलता बोलता मान वाकडी करायचा. ज्याचं लक्ष असेल तो वाचायचा.

मग आली खाजणराणी.

चिखलात राहणारी, घराएवढी. ती तीनदा श्वास ओढून घेते, आणि तिसऱ्यानंतर चिखलाची लाट सोडते. त्याआधी दगडावर चढलात तर वाचलात.
हे आम्हाला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं.

तेव्हा ग्लेनची फुफ्फुसं बिघडलेली होती. हॉस्पिटलमधून नुकताच घरी आला होता. लढाईच्या मध्येच त्याने एक घरघरता श्वास घेतला.
योगेशने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.
दुसरा श्वास. शेरन त्याचा श्वासाचा पंप आणायला आत पळाली.
तिसरा. सगळ्यात लांब. मी उठून खिडकी उघडली.

ग्लेनने फासा टाकला आणि शांतपणे म्हणाला, "लाट. तिघंही चिखलाखाली."

माझं पात्र, ढालवाला धोंडू, चार वर्षं जपलेला. गेला.

मी सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोललो.
"इशारा कुठे दिलास?"
"तीनदा दिला."
"आम्हाला वाटलं तुला..."
"काय वाटलं?"
योगेशने पाण्याचा ग्लास हळूच मागे ओढला.
"आजारी मी आहे," ग्लेन म्हणाला. "ती नाही. तुम्ही तिच्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत बसलात."
"ओळखता येत नाही तो इशारा कसला? हे चीटिंग आहे. चीटर आहेस तू."

पुढे दोन महिने ग्रुपवर हाच वाद. एरवी फक्त अंगठा टाकणारा मी, पानभर लिहायचो. तो हॉस्पिटलमधून त्याहून मोठं उत्तर द्यायचा. योगेश वैतागून लिहायचा, "लग्न करा रे दोघं."
ग्लेनचा शेवटचा मेसेज होता, "घरी आलो की परत तीच राणी. एक आकडा बदलणार नाही."

घरी आला नाही.

आज त्याच टेबलावर शेरनने त्याची वही काढली. म्हणाली, "आज मास्टर मी. बसा."
आधी राणीचं पान मोठ्याने वाचलं. रक्त किती, वार किती. इशारा: तीन श्वास, शेवटचा लांब.
आणि खाली, त्याच पेनने:
"लढाईआधी पंप घेणे. माझा श्वास मध्ये यायला नको."

मला एकदम आठवलं. त्या दिवशी लढाई सुरू होण्याआधी तो "दोन मिनिटं" म्हणून आत गेला होता. मला वाटलं होतं, पाणी प्यायला.
म्हणजे ते तिन्ही श्वास राणीचे होते. त्याचा एकही नव्हता.

शेरनने वही उघडीच टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "चला. राणी वर आली."

काय लढाई झाली यार.

शेरनने पहिला श्वास घेतला, डिट्टो भावासारखा. योगेश खुर्चीवरच उभा राहिला. "चढ मेल्या, दगडावर चढ, बघतोस काय!"
चढलो. लाट खालून गेली.
दुसऱ्या वेळी पण चुकवली. आम्ही दोघं वेड्यासारखे टाळ्या देत होतो. आतून आंटी, ग्लेनची आई, बघून गेल्या, भांडण आहे की काय.

मग राणीचं रक्त उरलं फक्त चार.
शेरनने श्वास घेतला. एक. दोन.
"अजून एक घाव," योगेश म्हणाला. "एकच. मरतेय ती."
"श्वास ऐकलास ना?" मी विचारलं.
"ऐकला रे. तू ऐकलास ना? मग?"
मीही वार करायला खालीच थांबलो. दगड शेजारीच होता.
योगेशला पडले तीन. मला सहा. वीसमधले. दोन्ही घाव हुकले.

तिसरा श्वास लांब होता.

"लाट," शेरन म्हणाली. "दोघंही चिखलाखाली."
योगेश डोकं धरून हसत सुटला. "तू तर भावापेक्षा डेंजर निघालीस गं."
ती हसत होती आणि डोळेही पुसत होती.

हरलो, ग्लेन. इशारा ऐकून, हाव धरून हरलो. का हरलो ते पूर्ण कळलं.

तेव्हाही तू फेअर होतास. चीटर हा शब्द मागे घेतो, सगळ्यांसमोर, म्हणून इथे.

आराम कर, मास्टर.