घड्याळबाई आणि गुरं सुटायची वेळ

सन दोन हजार सतरा. मी तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होतो आणि जन्मात कधी मनगटाला घड्याळ बांधलं नव्हतं. नेमक्या त्याच साली आमच्या दवाखान्यात घड्याळबाई आल्या. तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, ज्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो. बाईंचा प्रश्न होता, "किती वाजता?" पेशंटचं नाव, गाव, वय सगळं मागाहून. त्या होत्या मोठ्या डॉक्टर, पण डोंगरातल्या बायकांनी आठ दिवसांत त्यांचं बारसं केलं. दारात येऊन मला विचारायच्या, "घड्याळबाई हाय का आज? मंग थांबतो."

दवाखाना लोणावळ्याच्या अलीकडे, ट्रस्टचा, लहानसा. मी तिथं स्ट्रेचर ओढायचो. शिक्षण चौथी, तेही मास्तर कंटाळले म्हणून पास. मूळचा औंढे गावाच्या वरच्या अंगाचा, डोंगरातला. स्वभाव असा, की माझं म्हणणं खाली पडलं की मला जेवण जात नाही. आणि "मला माहीत नाही" हे शब्द मी कधी उच्चारले नव्हते. लग्नाआधीही नाही, नंतरही नाही.

बाईंच्या हातात वडिलांचं चावीचं घड्याळ होतं. पट्टा सैल, हात वर केला की कोपराकडे पळायचं. सकाळी आल्या की आधी चावी द्यायच्या आणि मोबाइलशी ताडून काटा पुढं सारायच्या. मी एकदा म्हटलं, रोज मागं पडतं तर नवं का घेत नाही. त्या म्हणाल्या, "कशाला, भाऊ? हे रोज दोन मिनिटं मागं पडतं, ते मला ठाऊक आहे. ठाऊक असलं की भागतं."

साप चावलेला पेशंट आला की त्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायच्या आणि नळी खिडकीत उभी ठेवायच्या. वीस मिनिटं तिला कोणी हात लावायचा नाही, हलवायची नाही. गोठलं तर बरं, पातळच राहिलं तर विष भिनलं. ती वीस मिनिटं बाई नळीसमोर अशा उभ्या राहायच्या, की जणू नळी पळून जाणार आहे. एकदा ट्रस्टी साहेबांनी कुतूहलानं नळी उचलली. बाईंनी त्यांच्या हातातून ती काढून घेतली, फेकली, दुसरी भरली आणि म्हणाल्या, "आता तुम्ही वीस मिनिटं माझ्याबरोबर उभं राहायचं." साहेब उभे राहिले. माझं मन तिथंच बसलं बाईंवर.

आवणीचे, भात लावायचे दिवस आले की आमच्याकडं सापाच्या केसेस वाढतात. पाय चिखलात, हात चिखलात, दिसायचं कसं? अशा एका दिवशी वरच्या ठाकरवाडीतनं चौघांनी झोळीत घालून एकाला आणलं. त्याची बायको झोळीमागं धावत आलेली. बाईंनी विचारलं, "किती वाजता चावला?"

"गुरं सोडली तवा," ती म्हणाली.

बाईंनी कागदावर प्रश्नचिन्ह काढलं. मी स्ट्रेचर धरूनच बोललो, "साडेसात."

"तुम्हाला कसं माहीत?"

"म्हंजी? मी गुरं सोडतच मोठा झालोय."

बाईंनी साडेसात लिहिलं, पण प्रश्नचिन्ह खोडलं नाही. ते मला लागलं. तो गडी वाचला, चार दिवसांनी चालत घरी गेला.

मग कळलं, की बाईंच्या मनात काय आहे. साप चावल्यापासून सुई टोचेपर्यंतचे तास जातात कुठं? वाटेत, देवऋषाकडं, की गाडीची वाट बघण्यात? हे कागदावर मांडता आलं, तर सापाचं औषध डोंगराजवळच्या उपकेंद्रात ठेवा, असं सरकारला ठणकावून सांगता येणार होतं. त्यासाठी पुण्याच्या एका संस्थेकडं संशोधनाचं छोटं अनुदान मागायचं होतं. आधी एका ठिकाणी अर्ज नाकारला गेला होता. आता ही दुसरी खेप, आणि दवाखान्यानं बजावलं होतं की तिसरी नाही.

आमच्या ऑफिसात शेखभाई होते, कुसगावचे. केसपेपर, पगार, टायपिंग सगळं तेच बघायचे. दुपारची ओपीडी संपली की बाई आणि शेखभाई अर्जाला बसायचे आणि मी उगाच फरशी पुसत तिथंच रेंगाळायचो. अर्ज गेला. पंधरा दिवसांनी उलट विचारणा आली: ज्यांच्याकडं घड्याळच नाही, त्यांच्या सांगण्यावरून वेळ कशी धरणार? सात दिवसांत उत्तर द्या.

त्या दिवशी बाईंनी एकाही पेशंटला "किती वाजता" विचारलं नाही. ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन बसल्या. मला ते बघवेना. आत गेलो नि म्हटलं, "बाई, घड्याळ न्हाई आसं कोण म्हनतं? वाडीला लय घड्याळं हायेत. तुमाला वाचता येत न्हाईत, एवढंच."

बाईंनी मान वर केली. "वाचून दाखवा मग," म्हणाल्या, आणि शेखभाईंना हाक मारली.

मी बोलत गेलो, शेखभाई लिहीत गेले. गुरं सोडायची वेळ, साडेसात. न्याहारी बांधावर येते ती वेळ. दुपारची गाडी घाट चढताना इंजिनाची घरघर वाडीपर्यंत येते ती वेळ. शाळा सुटते ती. दिवेलागण. शेखभाईंनी कोंबडा सुचवला. मी म्हटलं, कोंबडं कवाबी आरवतं, त्याचा भरवसा न्हाई. मग मीच सांगितलं, "संध्याकाळची मालिका लिवा. सासूनं सुनंला घराबाहेर काढलं तवा चावला, आसं बाया सांगत्यात. त्याच्यापेक्षा चोख येळ घड्याळाकडं बी न्हाई."

"आणि लाइट गेली तर?" शेखभाई म्हणाले.

"तर शेजारणी येकमेकीला इचारत्यात, आज काय झालं असंल."

बाई हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच. आणि मग माझ्या तक्त्याच्या डोक्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं एक शब्द लिहिला: अंदाजे.

माझं डोकं फिरलं. अंदाजे म्हणजे काय, मी थापा मारतो? तक्ता परत मागितला. त्यांनी दिला नाही. अख्खा दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. स्ट्रेचर आणायचो, ठेवायचो, निघून जायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळाला चावी देता देता त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "भाऊ, हेसुद्धा अंदाजेच आहे. म्हणून तर रोज लावते." त्यानंतर मी तक्ता परत मागितला नाही.

तक्ता गेला. पाचव्या दिवशी पुण्याहून फोन आला. बाईंनी तो टेबलावर मोठ्यानं लावून ठेवला. पलीकडचे सर वयस्क वाटत होते. त्यांनी विचारलं, हा तक्ता कुणी केला? बाईंनी माझं नाव सांगितलं. शिक्षण? बाई म्हणाल्या, चौथी. शेखभाईंनी माझा दंड धरला. मग सर म्हणाले, द्या त्यांना.

मी फोनपुढं वाकलो. त्यांनी गाडीचं विचारलं, मालिकेचं विचारलं, मी धडाधड सांगितलं. मग म्हणाले, "बरं, इंदुरी गावाकडे गुरं किती वाजता सोडतात?"

तोंडात उत्तर तयार होतं. आठ म्हणालो असतो, कुणी तपासायला जाणार नव्हतं. पण समोर बाई उभ्या होत्या, आणि वीस मिनिटांच्या नळीपुढं उभ्या राहायच्या तशाच उभ्या होत्या. काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "त्ये मला म्हाईत न्हाई, सायेब. तिकडं नदीकाठ हाय, आमचा डोंगर. तितल्या मानसालाच इचारा."

सर म्हणाले, "ठीक आहे," आणि फोन ठेवला. मला वाटलं, घालवलं मी सगळं. बाई मात्र खुर्चीत बसून म्हणाल्या, "भाऊ, आता मिळालं तर याच उत्तरानं मिळेल."

पुढं बाईंचं काम दोन वर्षं चाललं. ते संपल्यावर त्या आपल्या मुलखात, विदर्भात गेल्या. जाताना घड्याळ मला देऊ लागल्या. मी घेतलं नाही, वडिलांची वस्तू अशी देऊ नये म्हणून रागावलो. आता त्यांचा अधूनमधून फोन येतो. "भाऊ, किती वाजता उठलात?" असं विचारतात, बाकी तब्येत वगैरे मागाहून. वरच्या उपकेंद्रात आता सापाचं औषध असतं. मी पेन्शनीत गेलो तरी आठवड्याला जाऊन बघून येतो, आहे ना.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो पुण्याहून पत्र आलं तो दिवस. बाई कधी धावत नसत. त्या दिवशी ऑफिसातनं कॅज्युअल्टीपर्यंत धावत आल्या, एक चप्पल वाटेत राहिली. मागं शेखभाई कागद नाचवत. मंजूर झालं होतं. शेखभाईंनी पत्र मराठीत करून दोनदा वाचलं, एकदा सगळ्यांसाठी आणि एकदा मी म्हटलं म्हणून, कारण त्यात तक्त्यापुढं माझं नाव होतं. नर्सबाई टाळ्या वाजवत होत्या, स्ट्रेचरवरचा पेशंटसुद्धा हसत होता, त्याला काही कळलं नव्हतं तरी. शेवटी एक अट होती: काम सुरू करण्याआधी तक्त्यातली प्रत्येक वेळ प्रत्यक्ष घड्याळाशी ताडून पाहावी.

बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढलं, चावी दिली, काटे लावले आणि माझ्या हाताला बांधलं. मला ते घट्ट बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडायच्या आत मी ठाकरवाडीची वाट चढलो. झोळीतून आणलेल्या त्या गड्याच्याच गोठ्यापुढं जाऊन उभा राहिलो. त्याच्या बायकोनं चहा विचारला, मी हातानंच थांब म्हटलं. तिनं दावी सोडली, पहिली गाय बाहेर आली, आणि मी मनगटाकडं पाहिलं. सात वाजायला दहा कमी. पुन्हा पाहिलं. मग खिशातनं तक्त्याची प्रत काढली, भिंतीला टेकवली, माझं साडेसात खोडलं आणि वर लिहिलं, सहा पन्नास.