लाल पट्टी

लिअँडर सुरेटसारखा हट्टी माणूस आमच्या फेरीबोटीच्या कचेरीत दुसरा नव्हता. मी तिकीटखिडकीवर, तो मागच्या खोलीत. बावीस वर्षं आम्ही मधल्या दारातून एकमेकांवर खेकसत आलो. कंपनीची वेबसाइट त्यानं एकट्यानं उभी केली होती. सदतीस स्क्रिप्ट, पानांचं रंगरूप ठरवणाऱ्या चौदा स्टाइलशीट, प्रत्येकीची वेगळी फाइल. कुठली कुणाच्या आधी यायची तो क्रम पेन्सिलनं पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टाचलेला.

बेटावरचं नेट मेलं मुलखाचं आळशी. तिथं साइट उघडायला अर्धं मिनिट लागायचं.

"बाजारातून एकेक पुडी आणायला एकेक खेप घालतोस तू," मी म्हणायचे. "सगळं एका पिशवीत भर की!"

"तू तिकिटं फाड गं," तो आतून ओरडायचा.

शेवटी त्यानं ऐकलं ते त्याच्या आईचं. आल्विना अठ्ठ्याऐंशीची, बेटावर एकटी राहायची. तिला अक्षरं दिसत नव्हती, रंग तेवढे कळायचे. म्हणून लिअँडरनं साइटच्या माथ्यावर एक जाडजूड पट्टी घातली होती. बोट सुटणार असली की हिरवी, उशीर असला की पिवळी, रद्द झाली की लाल. दर रविवारी तो पहिल्या बोटीनं तिच्याकडे जेवायला जायचा. ती सकाळी टॅबलेट बघायची, आणि पट्टी लाल नसली की चहाचा थर्मास घेऊन धक्क्यावर उभी राहायची.

"फोन कशाला करायचा? पट्टी सांगते की," ती मला एकदा म्हणाली होती. "फक्त ती उगवेपर्यंत चहा निवतो माझा."

फेब्रुवारीत लिअँडरनं मनावर घेतलं. सगळ्या फायली जोडून एक स्क्रिप्ट आणि एक स्टाइलशीट बांधणारं अवजार त्यानं बसवलं. ते अवजार मोकळ्या जागा आणि प्रोग्रामरनं स्वतःसाठी लिहिलेली टिपणं गाळून टाकायचं, कुठं वापरात न दिसणारे स्टाइलचे नियमही छाटायचं. साइट दोन सेकंदांत उघडू लागली. भिंतीवरचा पुठ्ठा त्यानं माझ्यासमोर फाडला.

दोन आठवडे समुद्र शहाण्यासारखा वागला. दोन्ही रविवारी पट्टी हिरवी. आल्विनानं खूश होऊन 'रापी पाय' हा किसलेल्या बटाट्याचा भाजलेला पदार्थ माझ्यासाठीही धाडला.

तिसऱ्या रविवारी ईशान्येचा वारा सुटला, वर बर्फाळ पाऊस. लिअँडरनं घरूनच, मोबाइलवरून, बोट रद्द केली. साइट उघडून बघितली नाही. इतकी वर्षं पट्टी लाल होत आली होती, बघायचं काय?

पट्टी लाल झाली नाही. रद्द झाल्याची अक्षरं आली, रंग आला नाही. आल्विना थर्मास घेऊन धक्क्यावर गेली आणि त्या पावसात दोन तास उभी राहिली. शेजारच्या कोळ्यानं तिला धरून घरी आणलं, तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते.

चूक लिअँडरला त्याच संध्याकाळी सापडली. लाल पट्टीचं नाव त्यानं कुठंच सलग लिहिलं नव्हतं. 'पट्टी' आणि रंग हे दोन तुकडे ऐनवेळी जोडले जायचे. हिरवीचं नाव पानावर आधीपासून पूर्ण लिहिलेलं होतं, म्हणून ती वाचली. लालचं नाव अवजाराला सापडलं नाही, त्यानं तो नियम कचरा समजून छाटला. लिअँडरच्या स्वतःच्या मशीनवर छाटणी बंद असायची. तिथं त्यानं लाल पट्टी तपासली होती, ती झकास उमटली होती.

आल्विनाच्या छातीत न्यूमोनिया उतरला. मी इस्पितळात गेले तेव्हा लिअँडर तिचा हात धरून बसला होता.

"मी नीट बघितलं होतं रे," ती म्हणाली. "मला लाल दिसलीच नाही. आता रंगही गेले वाटतं माझे."

मी त्याच्याकडे बघितलं. तो तिचं पांघरूण सारखं करत राहिला.

बाहेर मी त्याला झापलं, "सांग की तिला! डोळ्यांना दोष देत पडलीय बिचारी."

"बरी झाली की सांगतो," तो म्हणाला. "आत्ता नाही जमत गं."

नवव्या दिवशी ती गेली. सांगायचं राहून गेलं. त्या दिवशी मी त्याचा हात धरून त्याला आत का नेलं नाही, याचा मला अजून राग येतो.

दुरुस्ती एका ओळीची होती, कुठले नियम छाटायचे नाहीत त्यांची यादी. पुढं लिअँडरनं नोकरी सोडली. त्याच्या जागी आलेल्या नवीन मुलीला मी त्याची खोली दाखवली, तेव्हा तिनं त्या यादीची फाइल उघडली आणि मला हाक मारली.

"हे काय लिहिलंय हो इथं?"

यादीच्या वर टिपण होतं: 'आई, तुझे डोळे चांगले होते. लाल मीच घालवली.'

"काढून टाकू का?" तिनं विचारलं.

"राहू दे," मी म्हटलं. "साइटवर दिसतं का ते?"

"छे. टिपणं बांधतानाच गळतात. या खोलीबाहेर जातच नाहीत."