घाटाच्या तोंडाशी ब्रेकचं दुकान

किस्से गोळा करायचे म्हणून कुणी स्पेअर पार्टचं दुकान टाकत नाही. मीही नाही टाकलं. पण तुळजापुरात, सोलापूरकडं घाट उतरायच्या अलीकडं ब्रेकचं सामान विकायला बसलं की किस्से आपणहून दारात येतात, काउंटरवर कोपर टेकवतात आणि विचारतात, "भाऊ, यात हलक्यातलं काय हाय?" इतकी वर्षं झाली, वाटलं होतं आता सवय होईल. कसली सवय! अजून दर आठवड्याला एक जण तरी असा येतो की माझं तोंड उघडं ते उघडंच राहतं.

आमचा कंपू तिघांचा. एक मी. दुसरे शेजारच्या गॅरेजचे रफिकभाई मिस्त्री. गिऱ्हाइकानं तोंड उघडायचा अवकाश, यांचा टोला तयार! तिसरे तामलवाडीचे बसूअण्णा, ज्वारी-हरभऱ्याचे व्यापारी. अण्णा कामासाठी घाट चढून वर आले की चहा आमच्याकडंच. त्यांना एकच मुलगा, विनायक. नोकरी धाराशिवला, राहणं तामलवाडीत. म्हणजे रोज सकाळी घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. अण्णा कप खाली ठेवताना हटकून म्हणणार, "त्या घाटाचा लई घोर लागलाय बघा जिवाला. एकुलतं एक लेकरू." एरवी माणूस चेष्टेखोर, पण हे बोलताना आवाज बदलतो.

तर ऐका.

*

जळकोटकडचे दोन भाऊ. नुकत्याच वाटण्या झालेल्या. रान अर्धं-अर्धं, घर अर्धं-अर्धं, गोठासुद्धा मधोमध भिंत घालून अर्धा. गाड्या मात्र दोघांकडं एकाच मॉडेलच्या. एक दिवस दोघं मिळून आले आणि पुढच्या चाकांच्या ब्रेक पॅडचा एक सेट घेऊन गेले. मी मनात म्हटलं, वा! वाटण्या झाल्या तरी भाऊ-भाऊ जोडीनं फिरतायत!

थोड्या दिवसांनी थोरला आला. "ब्रेक मारला की गाडी उजवीकडं वढती."

रफिकभाईंनी चाकं खोलली. उजव्या चाकात कोरे करकरीत पॅड, डाव्यात झिजून नुसता पत्रा!

"डावीकडचे कुठायत?"

"धाकट्याच्या गाडीला."

"आँ?"

"एक सेट, दोघांचा हिस्सा. म्या उजवीकडचे घेतले, त्यानं डावीकडचे."

मी मटकन स्टुलावर बसलो. अहो, ब्रेकची वाटणी! रफिकभाई म्हणाले, "या अल्ला! म्हणजे समोरासमोर येऊन दोघांनी ब्रेक मारला, तर धाकटा रस्ता सोडून खड्ड्यात आणि तुम्ही उजवीकडं वळून त्याच्या मागं! कशाला वाटण्या केल्या? जाणार तर संगटच की!"

*

एक गुरुजी आहेत. शिकवण्यात हुशार, माणूस सज्जन. पॅड झिजत आला की त्याची एक छोटी पत्र्याची जीभ चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला घासते आणि चीं चीं आवाज करते. आता बदला, असं ओरडून सांगते बिचारी. गुरुजींची गाडी दुकानासमोर थांबली ती असा आवाज करत की चहाच्या टपरीवरचं कुत्रं उठून पळालं.

मी पळतच बाहेर गेलो. "गुरुजी, कधीपासून वाजतंय हे?"

गुरुजींनी काच खाली केली. आतनं गाण्याचा असा दणका आला की मी दोन पावलं मागं.

"दिवाळीपासून वाजत होतं," गुरुजी ओरडून म्हणाले, "पण आता काही त्रास नाही! मोठे स्पीकर बसवून घेतले!"

*

हा किस्सा वडापवाल्याचा. रोज सोलापूरपर्यंत माणसं भरून नेणार, आणणार. त्याची तक्रार एकच, "घाटात ब्रेक लई कडक लागतो. जरा नरम पॅड द्या."

रफिकभाईंनी सगळं तपासलं. ब्रेक उत्तम! मग त्याला शेजारी बसवून म्हणाले, "चल, तू घाट कसा उतरतोस ते दाखव." घाटाच्या तोंडाशी पोचल्यावर या बाबानं चावी फिरवली आणि इंजिन बंद!

रफिकभाई नंतर सांगत होते, "भाऊ, मी सीटला असा चिकटलो, असा चिकटलो! सगळे कलमे आठवले मला!"

का बंद केलं? तर उतारावर गाडी आपोआप जाते, डिझेल कशाला जाळायचं! आता इंजिन चालू असेल तरच ब्रेकला मागून जोर मिळतो. बंद केलं की पायाखाली दगड. हे त्याला समजावून सांगितलं. त्याचे डोळेच मोठे झाले.

"तरीच! मला वाटलं पायातली ताकद गेली. म्या तर डॉक्टरकडनं ताकदीची इंजेक्शनं घ्यायलोय!"

*

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी बाहेरची माणसं. आमचे अण्णा तरी शहाणे असतील? आलोच तिथं.

विनायकच्या गाडीचे पॅड झिजले. अण्णांनी माझ्याकडून चांगले पॅड नेले. बसवायचं काम विनायक घरीच करतो, मोबाईलवर बघून. पण अण्णांच्या घरात नवी वस्तू आली की आधी देव्हाऱ्यापुढं जाते, मग ती गाडी असो, मिक्सर असो, नाहीतर ब्रेक पॅड. अण्णांच्या बायकोनं, महानंदावहिनींनी, पॅड ताटात मांडले, ओवाळले. इथपर्यंत ठीक. पण कोरडं हळदीकुंकू पॅडवर टिकेना, गळून पडायला लागलं. म्हणून वहिनींनी ते गोडेतेलात कालवलं आणि प्रत्येक पॅडवर छान बोटं ओढली. तीही घासायच्या बाजूनं! कारण दुसऱ्या बाजूला छापील अक्षरं होती, ती झाकायला नकोत!

देवाला लावलेलं पुसायचं कसं? विनायकनं तसेच बसवले.

दुसऱ्या दिवशी गाडी अंगणातनं निघाली, फाटकापाशी ब्रेक दाबला आणि गाडी आपली तुपावरनं सरकावी तशी रस्ता ओलांडून समोरच्या कडब्याच्या गंजीत! माणूस नाही लागला, जनावर नाही लागलं. अण्णा हे सांगताना दोन्ही हातांनी विहिरीचा घेर दाखवत होते. "गंज नसती तर हिर हुती वो पलीकडं. हिर!"

रफिकभाई म्हणाले, "अण्णा, देवीला तेल घाला, दिव्याला तेल घाला. पण ब्रेकला उपाशीच ठेवा!"

*

ते तेलकट पॅड टाकून द्यावे लागले. अण्णा पुन्हा दुकानात. "आता टणक माल द्या. पुन्हा पुन्हा बदलायची भानगड नको."

मी चार प्रकारचे पॅड काढून ठेवले. अण्णांनी काय करावं? एक उचलला आणि सरळ दाताखाली धरला! अहो, ज्वारी घेताना दाणा दातानं फोडून बघायची सवय. कडकन वाजला तर माल चांगला. मी ओरडलो, "अण्णा, ते खायचं नाही!"

"मऊ हाय," अण्णा तोंड पुसत म्हणाले. "ह्यो झिजंल."

"अण्णा, पॅड झिजतो म्हणून तर गाडी थांबते!"

"झिजणारा माल मी घेत नसतो."

उठले आणि निघून गेले. पुढं कळलं की कुठून तरी लोखंडासारखे टणक पॅड आणून विनायककडून बसवूनही घेतले.

काही महिन्यांनी मोठ्या ऐटीत आले. गाडी विनायकची, चालवत विनायकच. "बघा बघा! नखभर झिजले न्हायत!"

रफिकभाईंनी चाक काढलं, चकतीवरनं बोट फिरवलं आणि आमच्याकडं बघितलं. "अण्णा, पॅड जसाच्या तसा हाय, खरं. पण चकती खाऊन टाकली की त्यानं!" नांगरलेल्या रानासारखे चर पडले होते तिच्यावर.

मी विनायकला विचारलं, "अरे, थांबते तरी का गाडी?"

"थांबते काका. जरा वेळ घेते. मी लांबूनच दाबायला सुरुवात करतो. घाटात कुणाला ओव्हरटेक करत नाही, ट्रकच्या मागं मागं उतरतो."

रोज! रोज हे पोरगं असं घाट उतरत होतं! आणि अण्णा, ज्यांना घाटाचा घोर, ते शेजारी उभे राहून पॅड झिजला नाही म्हणून खूश!

*

नवी चकती घ्यायचं ठरलं. तर विनायकच्या डोक्यात वेगळंच. "काका, बदलायचीच तर भोकांची टाकू. रेसच्या गाडीला असते तसली. भारी दिसते."

म्हटलं, "बाळा, रेसची गाडी घाटात ज्वारीची पोती नेत नाही. साधी चांगली घे."

साधी घेऊन गेला. मी निश्चिंत. पुढच्या आठवड्यात अण्णांसोबत आला. चाकाच्या आत काहीतरी लालभडक चमकत होतं. रंग! आणि चकतीला ओळीनं भोकं! पठ्ठ्यानं माझ्याकडून नेलेली चकती एका लेथवाल्याकडं नेली आणि बोअरच्या पाइपाला पाडतात तशी भोकं पाडून आणली. वर तेच जुने टणक पॅड, कारण ते "अजून नवेच" होते!

रफिकभाईंनी चकती काढली, उजेडाला धरली आणि भोकातनं अण्णांकडं बघितलं. "अण्णा, ज्वारी चाळायला न्या. झकास चाळणी झालीया."

आम्ही हसलो. मग त्यांनी चकती जवळ घेतली आणि त्यांचंच हसू गेलं. एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत तडा गेला होता. नखानं दाखवला त्यांनी. तिथून पुढं तिसऱ्यापर्यंत.

"हिच्यावर घाट उतरलास?"

विनायकनं मान हलवली. "आठवडाभर."

अण्णा बाकावर बसले ते उठेनात. एवढा चेष्टेखोर माणूस माझा हात धरून म्हणाला, "भाऊ, काय लावायचं ते लावा. मी मधी बोलत न्हाय. पर लेकरू घरी आलं पायजे."

त्या दिवशी आम्ही कुणालाच विचारलं नाही. दुकानातली उत्तम चकती, उत्तम पॅड. विनायकला पान्याला हात लावू दिला नाही. पूजा नको, दात नको, रंग नको! रफिकभाईंनी स्वतः घाटात नेऊन तीनदा ब्रेक मारून बघितला. गाडी जागच्या जागी उभी! अण्णांनी दुकानांच्या सगळ्या ओळीत पेढे वाटले. "घोर मिटला बघा," म्हणाले, आणि खरंच डोळे पुसले.

*

आणि आता हे.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ, दुकानात मी आणि रफिकभाई. महानंदावहिनी आल्या. एकट्या! वडापनं घाट चढून. वहिनी कधी दुकानाची पायरी चढलेल्या नाहीत. मी घाबरून उठलोच.

"वहिनी, अण्णा बरे आहेत ना? विनायक?"

"बरे हायत सगळे."

बसा म्हटलं, बसल्या नाहीत. चहा नको म्हणाल्या. पिशवीतनं फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि काउंटरवर ठेवलं. गाठ सोडली. आत ते पॅड! अण्णांनी आणलेले टणक, चकती खाणारे!

"भावजी, हे परत बसवून द्या."

मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं ऐकलं. रफिकभाईंकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत होते.

"वहिनी, हे कशाला? नव्यांना काय झालं? थांबत नाही का गाडी?"

"थांबती. लई चांगली थांबती. तेच तर!" वहिनींचा आवाज चढला. "परवा म्या त्याच्यासंगं गाडीत हुते. घाटात वळणावर टरक ओलांडला त्यानं. समोरनं एसटी! म्या डोळं मिटलं. गाडी कच्चकन आत घातली आणि हसाय लागला. म्हणला, आई, भिऊ नगंस, आता ब्रेक लागतोय! रोज तसंच चालवतंय वो. म्या रोज दिवस मावळला की फाट्यावर जाऊन उभी ऱ्हाते."

"मग आम्ही समजावतो त्याला. अण्णांना सांगा—"

"सांगून झालं. ह्यांनी सांगितलं, म्या पाया पडले. हसतंय नुसतं."

मी पॅड उचलून त्यांच्यापुढं धरला. "वहिनी, अहो, हे बसवले तर गाडी थांबणार नाही! कळतंय का तुम्हाला काय मागताय? घाटात गाडी थांबणार नाही!"

वहिनींनी तो पॅड माझ्या हातातनं घेतला, पदरानं पुसला आणि पुन्हा काउंटरवर ठेवला.

"न्हाय थांबली तर न्हाय थांबू द्या. थांबत नव्हती तवर त्यो भिऊन चालवत हुता, भावजी. रोज येळंवर घरी येत हुता!"