बहिणीच्या भिंतीवरचं सिमेंट

गवंडीकाकांनी चाळीस वर्षांत मातीची शंभरेक घरं उभी केली आणि त्यातलं एकच जवळजवळ पाडलं. ते नेमकं थोरल्या बहिणीचं होतं.

ताई शिलाईकाम करून एकटी राहायची. घर काकांनीच बांधलेलं: दगडी जोतं, वर दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, पुढे ऐसपैस आलेलं छप्पर. दर दोन वर्षांनी लिंपण मागायचं, एवढाच त्या घराचा हट्ट. पण मध्यंतरी काकांनी शहरात चार इमारतींवर काम केलं आणि त्यांना मातीची लाज वाटू लागली. ताईच्या वाढदिवसाला त्यांनी सगळ्या भिंतींना बाहेरून सिमेंट चढवून दिलं.

"आता शंभर वर्षं बघायला नको," ते म्हणाले.

आठव्याच वर्षी बघावं लागलं. जमिनीतून चढणारा ओलावा पूर्वी वाऱ्याउन्हात उडून जाई. आता वाटच बंद, म्हणून तो भिंतीत मुक्कामाला राहिला. बाहेरून सिमेंट ताठ, आतून मातीचा चिखल. फुगलेली भिंत तपासायला आलेल्या नगरपालिकेच्या इंजिनियरने खोलीतून पेचकस टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. "दोन महिन्यांत दुरुस्त करा, नाहीतर पाडावं लागेल."

दुसऱ्या दिवशी काका छिन्नी घेऊन स्वतःचीच भेट फोडायला बसले. उघडी भिंत तीन आठवडे नुसती वाळत ठेवली. मग पायाजवळची कुजलेली माती हात-हातभर कोरून काढत तिथे उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा बसवल्या. एका वेळी एकच भगदाड, म्हणजे वरचा भार अंगावर यायला नको. अंगणातल्या खड्ड्यात माती आणि बारीक चिरलेलं गव्हाचं काड पाणी घालून झाकून ठेवलं होतं. वासाने शेजारीण हैराण.

"काका, काही मेलंय का हो?"

"मेलं नाही, मुरतंय. काड कुजलं की माती चिकट होते. घाई केली तर तडे जातात."

"मग माझ्या नाकाला सांगा तसं."

पहिला पातळ थर, तो वाळल्यावर दुसरा, वरून चुन्याचा हात. मुदतीला चार दिवस उरले असताना इंजिनियरसाहेब पुन्हा आले. पेचकस नखभरसुद्धा रुतला नाही. त्यांनी कागदावर 'राहण्यास योग्य' लिहिलं. सरकारी माणसाकडून याहून मोठं कौतुक काकांना ठाऊक नव्हतं.

साहेब गेल्यावर काका उंबऱ्यावर टेकले. "ताई, पहिल्याच वर्षी ओल आली असेल ना गं? बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू आतूनपण सिमेंट लावलं असतंस."

काका हसले आणि डोळे पुसले. आठ वर्षं ती ओलीत राहिली होती आणि गावात त्यांचं नाव कोरडं राहिलं होतं. आभार मानायची त्या घरात पद्धत नव्हती. त्यांनी थापी उचलली आणि कुणी न सांगता मागच्या न्हाणीची भिंत लिंपायला घेतली.