उपाशीपोटीचा रिपोर्ट

आमच्या घरात साखरेची तपासणी म्हणजे वार्षिक परीक्षा. दिवस ठरला की माझा मोठा भाऊ तयारीला लागायचा. संत्रा बर्फी बंद, भात बंद, पहाटे फुटाळा तलावाला चक्कर आणि घरी आल्यावर कारल्याचा रस. चार-पाच दिवस हे व्रत पाळून तो उपाशीपोटी रक्त द्यायला जायचा. रिपोर्ट काठावर का होईना, पास व्हायचा आणि त्याच संध्याकाळी अर्धा किलो बर्फी घरात यायची. वहिनीही या तयारीत मनापासून सामील. रिपोर्ट बिघडू नये म्हणून सगळे झटायचे. शरीर बिघडतंय का, हे कुणी विचारत नव्हतं.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे घरात माझं कुणी ऐकत नाही.

"मले काहून होईल वं?" भाऊ म्हणायचा. "साखर जाड्या लोकायले होते. माह्याकडे पाह्य."

पाहिलं की दिसायचंच. हातपाय काटकुळे आणि शर्टाच्या बटणांना ताण देणारं पोट. आमच्या वडिलांना साखर होती, आत्यालाही. त्यात भावाचं सदर बाजारात मॅचिंग ब्लाउजपीसचं दुकान. सकाळी गादीवर बसला की शटर ओढायलाच उठणार. मी त्याला एकदा सगळं सांगितलं होतं. पोटातली चरबी यकृतात साठते, पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, वर्षानुवर्षं सोडत राहतं आणि शेवटी थकतं. तोवर माणसाला काही कळतही नाही. वर्गात मुलं हे सगळं किमान उतरवून तरी घेतात. भावाने जांभई दिली.

कळलं ते दुकानात. त्याची सगळी मिजास नजरेवर होती. साडी समोर आली की तो मागे वळून नेमका तोच रंग काढायचा. मोरपंखी आणि रामा या दोन रंगांत गिऱ्हाईक गोंधळलं तर त्याला मनापासून कीव यायची. कामठी, खापा अशा आसपासच्या गावांतल्या बायका मॅचिंगसाठी त्याच्याकडेच यायच्या. त्यातली एक बाई ब्लाउजपीस परत घेऊन आली. उजेडात रंग वेगळा दिसतो म्हणाली. मग आणखी एक आली. भावाने ट्यूबलाइटला शिव्या घातल्या आणि दुकानातले सगळे दिवे बदलले. तरी चूक होतच राहिली, तेव्हा वहिनी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मीही गेले.

डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा फोटो दाखवला. बारीक रक्तवाहिन्या पाझरत होत्या, मधल्या भागाला सूज होती. साखर आहे का, त्यांनी विचारलं.

"दरवर्षी तपासतो. नॉर्मल राह्यते," भाऊ म्हणाला.

डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी लिहून दिली. त्या परीक्षेला चार दिवसांची तयारी पुरत नाही. भाऊ सपशेल नापास झाला. साखर बरीच जुनी असावी, डॉक्टर म्हणाले. इंजेक्शनांनी उरलेली नजर टिकवू, गेलेली सगळी परत येईलच असं नाही. मला भावाचा संताप आला होता. त्याचं वाईट वाटायला घरी पोचावं लागलं.

त्यानंतर मात्र त्याने मनावर घेतलं. गोळ्या वेळेवर घेतो, रोज चालतो, दुकानातही बराच वेळ उभा असतो. बर्फीकडे बघत नाही. डोळ्यांत इंजेक्शनं घेतली, तक्रार केली नाही. मागच्या महिन्यात तीच तीन महिन्यांची तपासणी पुन्हा केली, कसलीही तयारी न करता. रिपोर्ट आणायला मी सोबत होते. लॅबच्या पायरीवर त्याने पाकीट फोडलं, कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उजेडाकडे वळवून पाहिला. मग माझ्या हातात दिला.

"का लिहिलं हाये, वाच वं."

साखर आटोक्यात होती. मी तो आकडा त्याला मोठ्याने वाचून दाखवला.